ब्रेक लाइट लागत नाही? नवा बल्ब आणायच्या आधी एवढं तपासा

पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही ब्रेक मारला तेव्हा डावीकडचा लाइट लागलाच नाही." नुकताच कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे आलो होतो. ऑगस्टचा पाऊस, धुकं, आणि वळणावळणाला ब्रेक. मागच्या गाड्यांना मी कधीपासून अर्धवट इशारा देत होतो, देव जाणे. हेडलाइट गेला तर समोर अंधार होतो, हॉर्न गेला तर लगेच कळतं. ब्रेक लाइट मात्र चालवणाऱ्याला स्वतःला कधीच दिसत नाही. कुणीतरी सांगतं तेव्हाच कळतं, आणि तो सांगणारा कधीकधी मागून येऊन आपटलेला असतो.

तेव्हापासून हे काम मी घरीच करतो. ब्रेक लाइटचा दोष बहुतेक वेळा वडापाव-चहाच्या पैशांत निघतो. महाग पडतो तो अंदाजाने पार्ट बदलण्याचा नाद. म्हणून हातात पाना घ्यायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं.

आधी नीट बघा

एकट्याने तीनही लाइट बघायचे तर संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड बघा. त्याहून बरा उपाय म्हणजे खराट्याचा दांडा. एक टोक ब्रेकच्या पेडलवर, दुसरं सीटच्या कडेला, आणि सीट पुढे सरकवून दांडा घट्ट करायचा. आता मागे जाऊन निवांत बघा. बऱ्याच गाड्यांत चावी नसतानाही ब्रेक लाइट लागतात, काहींत चावी ऑन करावी लागते. काम झालं की दांडा काढायला विसरू नका.

आधी बाकी सगळे लाइट बंद ठेवून बघा, मग पार्किंग लाइट लावून, मग इंडिकेटर देऊन. काय दिसतं त्यावरून अर्धं निदान तिथेच होतं.

एकच बाजू बंद आणि बाकीचे दोन लागत असतील तर फ्यूज आणि स्विच निर्दोष आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दोष त्या बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा अर्थमध्ये (म्हणजे करंट परत नेणाऱ्या, पत्र्याला कसलेल्या वायरमध्ये). डावा-उजवा दोन्ही बंद, पण मागच्या काचेजवळचा तिसरा लागतोय? लोक इथे हमखास फ्यूज शोधायला लागतात. पण खरी गोष्ट बहुतेकदा अशी असते की एक बल्ब चार-सहा महिन्यांपूर्वीच गेला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आता दुसरा गेला. फक्त तिसराच बंद असेल तर हॅचबॅकमध्ये डिकीच्या बिजागरीजवळची वायर बघायची. तिन्ही बंद म्हणजे फ्यूज किंवा पेडलवरचा स्विच. पाय काढला तरी लाइट लागलेलेच राहतात, त्याचं कारण बहुतेकदा बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची टिकली असते, तिच्याकडे पुढे येतो. आणि ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मंद होतो, इंडिकेटर भलतंच लुकलुकतं, नंबर प्लेटचा दिवा उगाच मिणमिणतो, असं काही असेल तर अर्थ गेलाय.

बल्ब

गाडी बंद, हँडब्रेक वर, लाइट बंद. आत्ताच प्रवासाहून आला असाल तर दहा मिनिटं थांबा, २१ वॅटचा बल्ब बोट भाजण्याइतका तापतो. टेल लॅम्पचे स्क्रू बहुतेक गाड्यांत डिकी उघडल्यावर दिसतात: दोन असतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरने किंवा १० नंबरच्या पान्याने निघतात. स्क्रू काढल्यावर लॅम्प सरळ मागे ओढायचा. बाहेरच्या कडेला प्लास्टिकच्या पिना बॉडीतल्या भोकांत बसलेल्या असतात. लॅम्प तिरका ओढला की त्या तुटतात, आणि जुन्या गाडीत तर बिस्किटासारख्या तुटतात. काही गाड्यांत लॅम्प काढावाच लागत नाही, डिकीच्या आतलं झाकण काढून होल्डरला हात पोचतो.

होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की बाहेर येतो. बल्ब थोडा आत दाबून फिरवायचा. बऱ्याच गाड्यांत हा १२ व्होल्ट २१/५ वॅटचा डबल कॉन्टॅक्ट बल्ब असतो. एकाच काचेत दोन फिलामेंट: ५ वॅटचं पार्किंगसाठी, २१ वॅटचं ब्रेकसाठी. म्हणूनच पार्किंग लाइट लागतो म्हणजे बल्ब चांगला, हे गणित चुकतं. दोनपैकी एक तुटलेलं असू शकतं. काही गाड्यांत पितळी बूड नसलेला, काचेच्याच बुडाचा बल्ब येतो, तो न फिरवता सरळ ओढून काढायचा.

काच काळी किंवा चंदेरी झालेली असेल, फिलामेंट लोंबत असेल, आत दुधाळ पांढरं दिसत असेल तर बल्ब गेला. पण नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. चांगल्या बाजूचा बल्ब बंद बाजूला लावा आणि बंद बाजूचा चांगल्या बाजूला. ही फुकटातली चाचणी आहे आणि खोटं बोलत नाही. दोष बल्बबरोबर गेला तर बल्ब बदला. जागेवरच राहिला तर बल्बला दोष देऊ नका. मल्टिमीटर असेल तर थंड २१ वॅटच्या फिलामेंटला एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसतं, बीप वाजतो.

दुकानात "मागचा बल्ब द्या" म्हणू नका, जुना बल्ब नेऊन दाखवा. डबल कॉन्टॅक्ट बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या कमी-जास्त उंचीवर असतात, सिंगल कॉन्टॅक्टच्या सारख्या उंचीवर. चुकीचा बल्ब नीट बसत नाही, ही बनवणाऱ्याने केलेली सोय आहे. तरीही कानशीने खुंटी घासून बसवलेले बल्ब मी पाहिलेत. सिंगल बल्बच्या बुडाचा मोठा ठिपका होल्डरमधले दोन्ही कॉन्टॅक्ट जोडतो, मग ब्रेक दाबला की सगळे पार्किंग लाइट आणि कधी डॅशबोर्डसुद्धा उजळतो. तसा घोळ दिसला तर वायरिंग उकलण्याआधी बल्बच्या खुंट्या बघा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये हा नियम या बल्बला लागू नाही, तेलकट हात असेल तर पुसून घ्या म्हणजे झालं.

आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. सारख्याच वयाचे असतात, एक गेला की दुसरा रांगेतच असतो.

होल्डर आणि अर्थ

माझ्या त्या डाव्या लाइटचा बल्ब चांगला निघाला. उजवीकडे लावला तर लख्ख पेटला. टॉर्च मारून होल्डरच्या आत बघितलं तर बाजूच्या पितळी पट्टीवर हिरवट-पांढरी भुकटी, तुरटीचा खडा किसून टाकल्यासारखी. टेल लॅम्पच्या मागचं फोमचं पॅकिंग एका कोपऱ्यात दबून गेलं होतं आणि दोन पावसाळ्यांचं पाणी तिथून झिरपलं होतं. कोकणात खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे आमच्याकडे बल्ब जळण्यापेक्षा होल्डर सडण्याचं प्रमाण जास्त. लातूर-सोलापूरकडच्या गाडीत हे क्वचित दिसेल.

साफ करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवलेली बरी. बारीक पॉलिश पेपर पेन्सिलीभोवती गुंडाळून आतली पट्टी आणि तळाचे ठिपके पितळ चमकेपर्यंत घासा. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा असेल तर मारा. तळाचे कॉन्टॅक्ट दबून सपाट झाले असतील तर लहान स्क्रू ड्रायव्हरने किंचित वर उचला. होल्डरचं प्लास्टिक वितळलेलं किंवा करपलेलं असेल तर डागडुजी करत बसू नका, कपलरसकट (म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या प्लगसकट) होल्डर बदला. ढिल्या कॉन्टॅक्टमधून करंट गेला की तिथे उष्णता होते, आणि एकदा प्लास्टिक वितळलं की कॉन्टॅक्ट आणखी ढिला होतो.

आता अर्थ. गाडीत करंट वायरने दिव्यापर्यंत येतो आणि परत जातो तो बहुतेक गाडीच्या पत्र्यातून. टेल लॅम्पमधली एक वायर, बहुतेकदा काळी, डिकीच्या कोपऱ्यात कुठेतरी बोल्टने पत्र्याला कसलेली असते. तो बोल्ट गंजला की परतीची वाट बंद. करंट मग आडवाटेने निघतो: ब्रेकच्या फिलामेंटमधून त्याच बल्बच्या पार्किंग फिलामेंटमध्ये, तिथून पार्किंगच्या वायरने दुसऱ्या दिव्यांपर्यंत, आणि त्यांच्या अर्थमधून परत. म्हणून ब्रेक दाबला की नंबर प्लेटचा दिवा मिणमिणतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. लोक इंडिकेटरचा फ्लॅशर (त्याला लुकलुकवणारा पार्ट) बदलतात आणि दोष एका गंजक्या बोल्टात असतो.

खात्री करायला फूटभर वायर पुरते. एक टोक होल्डरच्या अर्थ पट्टीला, दुसरं डिकीतल्या रंग नसलेल्या स्वच्छ लोखंडाला टेकवा. पार्किंग लावून ब्रेक दाबलेला ठेवा. लाइट एकदम भरघोस झाला तर चोर सापडला. मल्टिमीटरने बघायचं तर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक होल्डरच्या अर्थला, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा (बॅटरी पुढे असते, लांब वायर जोडावी लागेल) आणि ब्रेक दाबा. ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसले तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा वर असेल तर अर्थ खराब. बोल्ट काढा, वायरीच्या टोकाची रिंग (लग) आणि खालचा पत्रा चमकेपर्यंत घासा, कसून बसवा, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

एक सावधगिरी. घरातला स्क्रू ड्रायव्हरसारखा टेस्टर इथे चालत नाही, १२ व्होल्टला तो पेटतच नाही. तो पेटला नाही म्हणून करंट नाही असं समजलात तर दिवस वाया जाईल. ५ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी आणि दोन मगरी चिमटे, हा झाला टेस्ट लॅम्प. तो फक्त दिव्यांच्या वायरिंगवर वापरा. पिवळं आवरण किंवा पिवळा कपलर असलेल्या वायरी बहुतेक एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मीटरही नाही.

फ्यूज

तिन्ही लाइट बंद असतील तर आधी इथे या. एक फ्यूज बॉक्स ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डखाली, दुसरा बॉनेटमध्ये. झाकणाच्या आतल्या तक्त्यात "स्टॉप" लिहिलेला फ्यूज शोधा. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा असतो. फ्यूज न काढताही तपासता येतो: त्याच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, टेस्ट लॅम्पचा चिमटा पत्र्याला लावून टोक दोन्ही ठिपक्यांवर टेकवा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला, एकीकडेच पेटला तर उडालेला.

जेवढ्या अँपिअरचा होता तेवढाच घाला. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद किंवा तांब्याची तार लावून "तात्पुरतं" चालवलेल्या गाड्यांचं वायरिंग जळालेलं बघितलंय. नवा फ्यूज ब्रेक दाबताच उडत असेल तर मागचे दोन्ही बल्ब काढा आणि पुन्हा बघा. आता टिकला तर दोष बल्ब-होल्डरमध्ये. तरीही उडत असेल तर वायर कुठेतरी पत्र्याला घासून सोलली आहे. फ्यूजवर फ्यूज जाळण्यापेक्षा, बल्ब काढलेलेच ठेवून, फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. ब्रेक दाबल्यावर तो लख्ख पेटला म्हणजे शॉर्ट आहे. मग वायरिंग जागोजागी हलवत जा, जिथे हलवल्यावर तो विझेल किंवा मंद होईल तिथे सोललेली वायर. सुरुवात नंतर बाजारातून बसवलेल्या गोष्टींपासून करा: स्पॉयलरवरची पट्टी, बंपरमधले रिफ्लेक्टर दिवे. मूळ वायर ब्लेडने सोलून टेपने जोडलेला सांधा तिथेच सापडतो.

पेडलवरचा स्विच आणि ती टिकली

आमच्या गाडीची बॅटरी एका महिन्यात तीनदा उतरली. एका दुकानदाराने बघितलं न बघितलं आणि नवी बॅटरी गळ्यात मारली. आठवड्याने तीही उतरली. शेवटी समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे रात्रभर चालू असतात. मुद्दाम ठेवता का?" काखेत कळसा आणि गावाला वळसा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खाली प्लास्टिकचे तीन-चार तुकडे, बोटाने दाबले की भुगा.

ब्रेक स्विच पेडलच्या दांड्याच्या वरच्या भागासमोर असतो. त्याची दांडी पेडल वर असताना आत दाबलेली असते आणि लाइट बंद राहतो. पेडल खाली गेलं की दांडी स्प्रिंगने बाहेर येते आणि लाइट लागतो. दांडी जिथे टेकते तिथे पेडलच्या पट्टीला भोक असतं आणि त्यात प्लास्टिकची किंवा रबराची टिकली बसवलेली असते. उन्हाने, वयाने ती ठिसूळ होऊन पडली की दांडी सरळ भोकातून आरपार जाते. गाडीला वाटतं पाय ब्रेकवरच आहे. हिशोब करा: २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दहा तासांत रिकामी. तिसरा लाइट वेगळाच.

रस्त्यात असं झालं तर भोकात बसेल असा छोटा नट-बोल्ट लावून घरी या, बोल्टचं डोकं स्विचच्या बाजूला ठेवून. नंतर गाडीचं मॉडेल सांगून नवी टिकली आणा. ती भोकात दाबली की बसते. कठीण काम एकच: डॅशबोर्डखाली डोकं खाली, पाय सीटवर, तोंडात टॉर्च.

उलट, लाइट लागतच नसतील आणि फ्यूज चांगला असेल तर स्विचचा कपलर काढा. दोनच वायरींचा कपलर असेल तर दोन्ही टर्मिनल छोट्या वायरने जोडा. मागचे लाइट लागले म्हणजे स्विच गेला. चार वायरींचा कपलर असेल तर जोडाजोडी करू नका, त्यातल्या काही वायरी इसीयूकडे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडे जातात. अशा गाड्यांत स्विच बिघडल्याची लक्षणं मागे नाही तर पुढे दिसतात: स्टार्टचं बटण दाबलं तरी इंजिन चालू होत नाही, ऑटोमॅटिकचा लिव्हर पार्कमधून निघत नाही, क्रूझ कंट्रोल लागत नाही. बॅटरी आणि स्टार्टरवर संशय घेण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट बघायला सांगा.

नवा स्विच आटे असलेला असेल तर लॉक नट सैल करून बसवतात, काही स्विच पाव फेऱ्यात अडकतात. पेडल मोकळं असताना दांडी जवळजवळ पूर्ण आत गेलेली असावी, स्विचचं आट्यांचं टोक आणि टिकली यांच्यात साधारण एक मिलिमीटर फट राहावी. पाय ठेवताच, ब्रेक लागायच्या आत, लाइट लागला पाहिजे. स्विच जास्त पुढे कसला तर तो पेडलच खाली दाबून धरतो, ब्रेक किंचित लागलेले राहतात आणि चाकं तापतात. म्हणून काम झाल्यावर बोटाने पेडल वर ओढून बघा, ते पूर्ण वर येऊन किंचित मोकळं हलायला हवं.

डिकीतला तिसरा लाइट

हॅचबॅकची डिकी दिवसातून चार वेळा उघडते. वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात आणि दरवेळी वाकतात. काही वर्षांनी आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. नळी सरकवून एकेक वायर हलकेच ओढा, जी रबरासारखी ताणली जाते ती आतून तुटलेली. मागचा वायपर किंवा डिफॉगरही बंद असेल तर दुखणं इथेच आहे हे जवळजवळ पक्कं. जोड देताना बारीक तारांची मऊ वायर घ्या, सांधा डाग देऊन त्यावर हीट श्रिंकची (तापवली की आक्रसणारी) नळी चढवा, आणि सांधे वाकण्याच्या जागेपासून दूर ठेवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

एलईडीबद्दल थोडंसं. कंपनीनेच दिलेला एलईडी टेल लॅम्प असेल तर आत बदलायला बल्बच नसतो. कपलरवर ब्रेक दाबून १२ व्होल्ट येत असतील आणि अर्थ चांगला असेल तर लॅम्पच बदलायचा. साध्या लॅम्पमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घालण्याच्या मी विरोधात आहे. त्यातल्या बऱ्याच बल्बांत पार्किंग आणि ब्रेकच्या उजेडात फरकच कळत नाही, आणि ब्रेक लाइटचं सगळं काम त्या फरकावरच चालतं. फायदा एक खरा आहे: एलईडी तत्क्षणी लागतो, फिलामेंट पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो. ताशी ८० किलोमीटरला तेवढ्यात मागची गाडी साडेचार मीटरच्या आसपास पुढे येते. पण तो कंपनीच्या लॅम्पमध्ये घ्यावा.

लॅम्प परत बसवण्याआधी दांडा पुन्हा पेडलवर लावून सगळे लाइट एकदा बघून घ्या, नाहीतर स्क्रू दोनदा काढावे लागतात. फोमचं पॅकिंग दबलेलं असेल तर नवं चिकटवा. स्क्रू कसले की लॅम्पच्या वरच्या कडेने दोन तांबे पाणी ओता, डिकीत हात घालून चाचपून बघा. हात कोरडा आला तर काम झालं.